वाटेवरचं टेबल

रागावून जेवायला जाणारी, शेवटच्या घासापर्यंत रागावलेली राहणारी आणि रागावूनच तृप्त होऊन घरी परतणारी बाई अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असावी, आणि ती माझ्या बायकोची आत्या निघावी हा माझ्या नशिबाचा भाग. इतरांना राग येतो आणि जातो. आत्याचा राग येत नसे आणि जातही नसे. तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा कायमचा मुक्कामाला होता. दूधवाला उशिरा आला की ती रागवायची आणि लवकर आला तर 'ह्याला दुसरं काही काम नाही का' म्हणून रागवायची. हापूसला मोहोर कमी आला तर कलमापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि त्याला विचारायची, "खत काय मी माझ्या हौसेसाठी घालते?" कुणी चुकलं की तिला राग येई, आणि चुकणाऱ्याने माफी मागितली की तो दुप्पट होई. "आधी चुकायचं आणि वर माफीत माझा वेळ घालवायचा," असं तिचं म्हणणं. आजारी माणसाला भेटायला गेली की त्याच्यावर अशी बरसायची की तो बिचारा अंथरुणात उठून बसायचा. चौलच्या अलीकडच्या तिच्या गावात एक समज होता की ताप उतरत नसेल तर डॉक्टरच्या आधी आत्याला बोलवावं.

तिची सगळी नोकरी बस स्टँडवर गेली. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून द्यायच्या आणि अधूनमधून आरक्षणाच्या खिडकीवर बसायचं, असं तिचं काम. तिच्या काळात स्टँडवरचा ध्वनिक्षेपक बिघडला तरी महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नसे, असं तिचे जुने सहकारी सांगतात. आवाज मोठा होता असं नाही, पण त्याला धार होती. 'मुरुडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' हे वाक्य ती असं म्हणायची की मुरुडला न जाणाऱ्यांनाही आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे विचारायचं धाडस माझ्या बायकोने एकदा लहानपणी केलं होतं. आत्या म्हणाली, "चौकशीच्या खिडकीतून इतकी माणसं पाहिली की चौकशी करायची इच्छाच राहिली नाही." निवृत्त झाल्यावर ती वडिलांच्या वाडीत राहायला आली. नारळ, पोफळी, थोडी कलमं, एक विहीर, एक बैठं घर आणि घराच्या मागे माडांतून दिसणारा समुद्र. त्या समुद्रावरही तिचा राग होताच, कारण त्याच्या खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजत.

लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा दुसऱ्या वाढणीला संकोचून "पुरे" म्हणालो. वाटी हातात धरून तिने मला आपादमस्तक पाहिलं. "पुरे? ही सुरमई कुणासाठी तळली मी, खिडकीच्या गजांसाठी? जावईबापू, लाजायचं असेल तर आपल्या घरी जाऊन लाजा." मी मुकाट्याने खाल्लं. परतताना बायको म्हणाली, "आवडलास तू तिला." मला ते पटायला बराच काळ लागला. पुढे उलगडत गेलं की आत्या ज्याच्यावर रागवत नाही, त्याचं आणि तिचं काही नातं उरलेलं नाही असं समजावं. शेजारच्या वाडीतल्या तिच्या धाकट्या चुलतभावाशी ती अलीकडे अत्यंत गोड बोलत असे. "या, बसा, चहा घेणार?" असं ती म्हणाली की तो कावराबावरा होऊन पाच मिनिटांत काढता पाय घेई. त्याने आपली वाडी विकली होती.

वाडी विकली गेली तिथे हॉटेल आलं. हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंती आणि छप्पर येतं. ह्याला दोन्ही नव्हतं. सगळा कारभार उघड्यावर. माडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा, खाली पांढरी वाळू, तीही दुसरीकडून आणलेली, कारण आमची वाळू काळपट. वाळूवर लाकडी टेबलं, कापडी छत्र्या, आणि खांबांवर टांगलेली कोरी करकरीत जाळी, जिने आयुष्यात एक बोंबील पाहिला नव्हता. एक जुनी होडी मधोमध करवतून तिचा दारू वाढायचा कट्टा केला होता आणि होडीवर रंगवलेलं कुणाच्यातरी मुलीचं नाव तसंच ठेवलं होतं. शनिवारी मांडव्याला बोटीतून गाड्या उतरत आणि आमच्या अरुंद रस्त्यावरून, कुणाच्या अंगणातली कोंबडी उडवत, थेट तिथे येत. त्या गाड्यांतल्या माणसांना समुद्र हवा असतो, वारा हवा असतो, माड हवे असतात, फक्त गाव नको असतं. गावाचं काय करायचं ते त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. ते कुंपणाबाहेर ठेवायचं. हे लिहिताना माझाही आवाज चढतोय हे मला कळतंय. आत्याच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिथे जेवायची कल्पना माझ्या बायकोची, आणि आत्याला बरोबर नेण्याचीही तिचीच. आत्या त्या जागेला हॉटेल म्हणत नसे, मांडव म्हणत असे. "मांडवात जायचंय? कुणाचं लग्न आहे?" असं विचारत तिने ठेवणीतली साडी नेसली आणि आम्ही कुंपण ओलांडून शेजारच्या वाडीत, जिथे ती लहानपणी आट्यापाट्या खेळली होती तिथे, पाहुणे म्हणून गेलो. दारातच एका मुलीने अदबीने विचारलं, "मॅम, रिझर्व्हेशन आहे का?" आत्या थांबली. "अगं, माझं आयुष्य आरक्षणाच्या खिडकीत गेलं. अर्ध्या गाड्या रिकाम्या असताना आरक्षण विचारणाऱ्या माणसाला आम्ही नवखा समजायचो. ही समोर सगळी टेबलं मोकळी दिसतायत, त्यांच्यावर काय भुतं बसणारेत?" मुलीने घाबरून आम्हाला आत सोडलं.

त्या जेवणाचं वर्णन करायचं म्हणजे एका युद्धाचं वर्णन करायचं. सोलकढी उंच दांड्याच्या पेल्यात, वर फेस आणि फेसावर एक पान. आत्याने पान उचलून बाजूला ठेवलं, फेस चमच्याने काढला आणि उरलेली सोलकढी एका घोटात संपवून फर्मावलं, "आता सोलकढी आणा." भाकरी आली ती तळहातापेक्षा लहान. "ही नमुन्याला दिलीत ना? पसंत आहे. आता मोठी करून आणा." मासा कुठला, असं विचारल्यावर वाढणाऱ्याने अभिमानाने एका परदेशी माशाचं नाव सांगितलं. आत्या शांतपणे वळली आणि माडांपलीकडे फेसाळणाऱ्या समुद्राकडे बोट करून म्हणाली, "हा काय भाड्याने आणलाय?" एवढ्यात तिची नजर वर गेली आणि खरा राग तिथे आला. एकाही माडाला नारळ नव्हता. कोवळेच काढून टाकले होते.

तेव्हा पहिल्यांदा मॅनेजर आमच्या टेबलाशी आला. देवेंद्र नाव, तिशी ओलांडलेला, माणगावकडच्या एका खेड्यातला. काळा कोट त्या दमट हवेत त्याच्या पाठीला चिकटला होता. त्याने समजावलं, "मॅडम, गेस्टच्या डोक्यात पडू नयेत म्हणून काढतो आम्ही."

"माडाला डोळे असतात," आत्या म्हणाली. "आमच्या पिढ्यान् पिढ्या माडाखाली वावरल्या. नारळ माणूस बघून पडतो."

"हो मॅडम. पण इथल्या पाहुण्यांना तो ओळखत नाही ना."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तिला उलट उत्तर देणारा माणूस भेटून फार दिवस झाले होते. "मॅडम म्हणू नका," ती म्हणाली. "आत्या म्हणा, नाहीतर काही म्हणू नका. आणि तो कोट काढा, बघूनच मला घाम येतोय." घरी येताना ती सगळ्या वाटेवर चिडचिडत होती, पण जेवण तिने संपवलं होतं आणि मासा परदेशी असला तरी तळणाऱ्याला हात आहे, एवढं तिने रागारागात कबूल केलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग पावसाळा सरल्यावर हॉटेलवाल्यांनी वाट बंद केली. दोन वाड्यांच्या मधून, चुलतभावाच्या बाजूने, रस्त्यापासून थेट समुद्रापर्यंत एक वाट होती. बैलगाडी जाईल एवढी. गावाचे गणपती त्या वाटेने विसर्जनाला जात, बैल समुद्रात धुवायला त्या वाटेने नेत आणि किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन त्याच वाटेने गावात शिरत. जमीन विकताना वाट विकलेली नाही, असं चुलतभाऊ शपथेवर सांगे. पण वाटेच्या तोंडाशी बांबूचं सुबक फाटक आलं, त्याला कुलूप आलं, आणि वाट जिथे समुद्राला भेटते तिथे हॉटेलातलं सगळ्यांत देखणं टेबल मांडलं गेलं. तिथून सूर्य बुडताना सगळ्यांत चांगला दिसे. त्यासाठी म्हणे लोक आठवडाभर आधी फोन करत.

आत्याकडे रोज सकाळी मासळी घेऊन येणारी जनाबाई, साठीची कोळीण, कुलूप लागलं त्या दिवशी दुपारी पोहोचली. टोपली उतरवून ती पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाटंला कुलूप घातलंय, बाय. फाटकावरला मना बोलतो, पल्याडशी जा. पल्याडशी म्हंजे सगला गाव फिरून. म्हावरा उन्हान मरून गेला." टोपलीतल्या बांगड्यांचे डोळे पांढरे पडले होते. आत्याने सगळी टोपली घेतली आणि जनाबाईवर भडकली की एवढ्या उन्हातून डोकं न झाकता आलीस कशी. मग तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि ती गेल्यावर मला फोन केला.

मी अलिबागला एका कचेरीत नोकरी करतो, त्यामुळे सरकारी कामात मला गती आहे असा सासरच्यांचा गैरसमज आहे. आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच म्हणाला, "बघू." तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी वहिवाट सिद्ध करावी लागेल, असं सांगितलं. आत्याने विचारलं, "म्हणजे काय?" साहेब म्हणाले, "त्या वाटेने लोक खरोखर ये-जा करतात हे दिसलं पाहिजे." आत्या म्हणाली, "कुलूप आहे, म्हणून ये-जा नाही. ये-जा नाही, म्हणून वाट नाही. वाट नाही, म्हणून कुलूप. छान चक्र आहे. नारळ फोडून पूजा करा त्याची." बाहेर आल्यावर मी म्हटलं, रीतसर अर्ज करू, वेळ लागेल पण होईल. ती जिन्यातच थांबली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका लाल झाला होता. "अर्ज तुम्ही करा, जावईबापू," ती म्हणाली. "मी जेवायला जाते."

तिने ते वाटेवरचं टेबल शनिवारच्या संध्याकाळी आरक्षित केलं. पुढच्या शनिवारी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. बस स्टँडवरच्या नोकरीची पेन्शन मांडवात जाऊ लागली. ती वेळेवर येई, सूर्याकडे पाठ करून आणि फाटकाकडे तोंड करून बसे, सोडा आणि तळलेला मासा मागवी. मग फाटकाबाहेर जनाबाई आणि आणखी दोन-तीन बायका टोपल्या घेऊन उभ्या राहत, आणि आत्या देवेंद्रला हाक मारी, "माझे पाहुणे आलेत. फाटक उघडा." पाहुण्यांना अडवता येत नव्हतं; टेबल तिचं होतं. बायका आत येत, आत्यापाशी थांबून "काय जेवलीस गो?" असं विचारत आणि टेबलाला वळसा घालून समुद्राकडे उतरत. मग जाळं खांद्यावर टाकलेला एक कोळी पाहुणा झाला. मग एका शनिवारी एक शेतकरी आपला बैल घेऊन आला. देवेंद्र धावत टेबलाशी आला. "आत्या, हा पण पाहुणा?"

"दूरचा आहे," आत्या म्हणाली.

बैल दोन टेबलांच्या मधून अगदी सभ्यपणे गेला. मी आणि बायको शेजारच्या टेबलावर लिंबू सरबत पीत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पण आजूबाजूच्या पाहुण्यांनी फोन काढले, फोटो घेतले, एका बाईंनी तर बैलाला तळलेल्या बटाट्याचे तुकडे देऊ केले. त्यांना वाटलं, ही हॉटेलचीच व्यवस्था आहे. हे जेव्हा आत्याच्या लक्षात आलं तेव्हा तिचा घास हातात राहिला. "आपण भांडतोय," ती बायकोला म्हणाली, "आणि ह्यांची करमणूक होतेय."

ह्या शनिवारांमध्ये देवेंद्रचं आणि तिचं काय जमलं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ती त्याच्यावर सतत रागवे, हे मात्र खरं. तू जेवलास का, नाही तर का नाही. घरी फोन केलास का. आईचे पाय दुखतात तर तिला शेतात का पाठवतोस. बोलता बोलता तिने त्याच्याकडून काढून घेतलं की त्याच्या गावातही कुणा मुंबईकराचं फार्महाऊस झालंय, त्याच्या भिंतीने भातशेताकडे जाणारी गाडीवाट अडवलीय आणि त्याचे वडील आता डोक्यावर भारा घेऊन ओढ्यातून फिरून जातात. आत्या त्याच्या वडिलांवर चिडली. "आणि ते गप्प बसले?"

"भांडायला वेळ हवा ना आत्या. शेत कोण करणार?"

"मग मी काय रिकामटेकडी म्हणून भांडतेय?"

देवेंद्र हसला, आणि तिच्या ताटलीत तिने न मागितलेली मोठी भाकरी ठेवून गेला. ती त्याने स्वयंपाकघरात मुद्दाम करवून घेतलेली होती.

मग एका शनिवारी हॉटेलचा मालक स्वतः आला. पांढरा तागाचा सदरा, अनवाणी पाय, वाळूत चालायची मुद्दाम केलेली हौस. त्याने आत्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली. जनाबाई नुकतीच फाटकातून आत आली होती आणि टोपली कमरेवर टेकवून उभी होती. तो तिच्याकडे बोट करून आत्याला म्हणाला, "आंटी, मला तुमची आयडिया खूप आवडली. ही बाई एकदम ऑथेंटिक आहे. आपण असं करू. रोज सूर्यास्ताला ती टोपली घेऊन इथून चालेल. गेस्टना फोटो मिळतील. नऊवारी मात्र जरा उजळ रंगाची हवी. आम्ही तिला मानधन देऊ. बाकीच्या वेळी फाटक बंद ठेवू, म्हणजे तुम्हालाही त्रास नको."

जनाबाईने टोपली एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली. "मना चालाचे पैसे?" ती म्हणाली. "आमचेच वाटंवर?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखर कळलं नव्हतं, आणि त्यामुळे ते ऐकणं फार कठीण गेलं.

आत्याचा राग मी लग्नापासून पाहत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो तोंडावर दिसेना. ती पांढरी पडली. रुमालाने हात पुसले, खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली, आणि नोकरी सुटून इतकी वर्षं झाल्यावर तो आवाज लावला. आरडाओरडा नव्हता तो. प्रत्येक शब्द सुटा, सारख्या अंतरावर. "सर्वांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. आपण जिथे बसला आहात ती ह्या गावाची समुद्राकडे जाणारी वाट आहे. ती बंद केलेली आहे. ह्या बाई, इथून जाणारे बैल, जाळी, हे आपल्यासाठी केलेलं नाटक नाही. ही माणसं घरी चालली आहेत. आपल्या खुर्च्या त्यांच्या पायांत येत आहेत."

माडांखाली सगळे काटे-चमचे थांबले. मालकाचा चेहरा उतरला. तो उठून देवेंद्रला हलक्या आवाजात म्हणाला, "ह्यांना बाहेर ने. आणि पुन्हा आत घ्यायचं नाही."

देवेंद्र आत्यापाशी आला. "आत्या, उठा," तो म्हणाला. ती उभीच होती. त्याने तिची खुर्ची मागे घेतली. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, फक्त थकवा होता. माझी बायको ताडकन उठली. मीही उठलो, काय करणार आहे हे ठाऊक नसताना. देवेंद्रने मात्र खुर्ची बाजूच्या माडाखाली नेऊन ठेवली. परत आला, एका वाढप्याला खुणेने बोलावलं, आणि दोघांनी ते टेबल ताटल्या-पेल्यांसकट अलगद उचललं आणि वाटेवरून काढून त्या माडाखाली, खुर्चीपुढे ठेवलं. मग तो फाटकापाशी गेला, ते सताड उघडलं आणि पुन्हा लागू नये म्हणून काथ्याच्या दोरीने कुंपणाला बांधून टाकलं. कोट त्याने काढून हातावर घेतला होता.

"बसा आत्या," तो म्हणाला. "मासा थंड होईल."

जनाबाई मोकळ्या वाटेवरून सरळ समुद्राकडे चालत गेली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. आत्या बसली आणि जेवली. मला वाटलं होतं, ती आता त्याला आशीर्वाद वगैरे देईल. ती जेवून उठली आणि देवेंद्रवर तुटून पडली. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? भांडण माझं होतं. तुझी नोकरी गेली तर तुझ्या बापाला काय सांगू मी?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला. त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि तिने तो रागानेच घेतला.

नोकरी गेलीच. पुढच्या शनिवारी तिथे दुसराच माणूस कोट घालून उभा होता. पण फाटक परत लागलं नाही. त्या संध्याकाळची गोष्ट गावभर झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं नुसती त्या वाटेवरून चालत राहिली, कामाची आणि बिनकामाची. इतके महिने 'बघू' म्हणणारा सरपंच सगळ्यांच्या पुढे होता. चार दिवसांनी मालकाने फाटक काढून नेलं. त्यानंतर हॉटेलच्या नव्या मेनूकार्डावर छापून आलं की आपण एका प्राचीन ग्रामीण वाटेच्या काठी भोजन करत आहात. "प्राचीन म्हणे," आत्या फणफणली. "कालपर्यंत कुलूप होतं." ते कार्ड तिने चुलीत घातलं.

देवेंद्रने कुणाकडे पुन्हा नोकरी धरली नाही. दिघीच्या जेट्टीपाशी, फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांसाठी त्याने पत्र्याखाली छोटीशी खानावळ काढली. आत्या बस धरून आगरदांड्याला आणि तिथून फेरीने खाडी ओलांडून तिथे जेवायला गेली. आमटीत मीठ कमी आहे, बाकं डुगडुगतात, समुद्राकडे तोंड करून एकही बाक नाही, अशा तक्रारी करत तिने भरपेट जेवण केलं आणि परतीच्या फेरीत मला फोन करून सांगितलं की पोरगा अगदी बेअक्कल आहे, त्याच्याकडे दर महिन्याला जायला हवं.

ह्या सगळ्याला आता काही वर्षं झाली. वाट आहे, पण तिच्यावरची वर्दळ ओसरली. किनाऱ्याजवळ मासळी मिळेनाशी झाली. जनाबाईच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि तिची सून बंदरावर मासळी विकत घेऊन स्कूटरवरून डांबरी रस्त्यानेच गावात येते. बैल गावात एकच उरला. आत्या मात्र रोज संध्याकाळी त्या वाटेने समुद्रापर्यंत जाऊन परत येई. फिरायला म्हणून नव्हे. फिरायला जाणाऱ्या लोकांचा तिला राग आहे. चाललं नाही तर वाट मरते, असं ती म्हणायची, आणि हॉटेलातल्या टेबलांच्या मधून, कुणाकडे न पाहता, काठी टेकत चालायची.

गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी अंथरुणावर राहायला सांगितलं. आम्ही दोघं राहायला गेलो. संध्याकाळ झाली तशी ती अस्वस्थ झाली, आणि मग मला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही दोघं जाऊन या बरं."

आम्ही गेलो. आठवड्याच्या मधला आडवार होता, हॉटेल बंद होतं, छत्र्या मिटलेल्या होत्या. पलीकडे ओहोटी लागली होती. आम्ही पाण्याला पाय लावून परत आलो. वाटेत चिटपाखरू नव्हतं.

आत्या उशीला टेकून दाराकडे बघत होती. "कोणी भेटलं?" तिने विचारलं.

"हो, होती की माणसं," मी म्हटलं. "येत-जात होती."

"कोण?"

मला पटकन एक नाव सुचेना. बायको खिडकी लावण्याच्या निमित्ताने वळली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा मला तिने रागवावंसं वाटत होतं. तिने पायांवरची चादर सारखी केली.

"उद्यापण जाऊन या," ती म्हणाली.